विहिरीवरची दहा मिनिटं

विजयनगर, म्हैसूर
१८ मार्च

चि. सौ. तुंगा,

फोन उचलायचा नसेल तर नको उचलूस. पण बेंगळुरात पावनीला फोन करून "तुझ्या दोड्डम्माला सांग, मला तिचं तोंड बघायचं नाही" असा निरोप द्यायची काय गरज होती? चार किलोमीटरवर राहतो आपण. तुझा राग बेंगळुरूला जाऊन, लेकीच्या तोंडून मऊ होऊन तिच्या या मावशीकडे येतो. म्हणून पत्र लिहिते आहे. फाडलंस तरी आधी वाचशील, एवढी तुला ओळखते.

हो, तक्रार मी केली. गुरुवारी तुमच्या विहिरीच्या पंपाला पालिकेच्या माणसांनी सील ठोकलं, ते माझ्या सहीच्या कागदावरून. कोणी शेजाऱ्यानं चुगली केली असेल म्हणून तू अख्ख्या अग्रहारावर संशय घेऊ नयेस, म्हणून स्वतःच सांगते.

कन्नंबाडी धरणात काय उरलंय ते पेपरात येतं, तू वाचत नसशील. पालिकेचा हुकूम चावडीवर, देवळांवर, सगळीकडे चिकटवलाय. नळाला पाचव्या दिवशी पाणी. गाड्या धुवायच्या नाहीत, झाडांना घालायचं नाही, अंगण धुवायचं नाही. खासगी विहिरीवर धंद्यासाठी पंप लावायचा नाही, हातानं हवं तेवढं ओढा. देखरेखीला आम्हा निवृत्त मास्तरणींना गळ्यात बिल्ले घालून नेमलंय. ओळखीपाळखी आड येऊ नयेत म्हणून स्वतःचा वॉर्ड द्यायचा नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. माझ्या चिठ्ठीत तुमचा अग्रहार निघाला. आता मी काय करायचं होतं? तुझं घर सोडून बाकीची घरं तपासायची?

श्राद्धाचा स्वयंपाक म्हणजे पितरांचं काम, धंदा नव्हे, असं तू त्या माणसांना म्हणालीस म्हणे. तुंगा, महिन्याला वीस श्राद्धं, दर श्राद्धाला साठ पानं. तुमच्या मागच्या गल्लीतल्या सुमाच्या बोअरला फेब्रुवारीपासून नुसती हवा येते आहे. ती दोन बिंदिगे, घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी असते आणि भिंतीपलीकडे तुमचा पंप घरघरत असतो. तिनं मला काही सांगितलं नाही, नुसतं भिंतीकडे बघितलं. मला तेवढं पुरलं.

आणि मडीचं, सोवळ्याचं मला शिकवू नकोस. त्याच घरात मीही वाढले. थंड पाण्यानं अंघोळ, कोणी न शिवलेलं धोतर, विहिरीचं पाणी स्वतः ओढायचं, श्राद्ध उरकेपर्यंत कोणी अंगाला शिवायचं नाही. शिवलं तर पुन्हा अंघोळ, आणि भरलेलं सगळं पाणी ओतून देऊन नव्यानं सुरुवात. यात पंप कुठे बसतो? नळात चामड्याचा वायसर असतो म्हणून नळाचं पाणी चालत नाही, पण रबरी वायसर बसवला की पंप चालतो, हा शोध तुझ्या यजमानांचा, संकर्षणरावांचा. आता शास्त्राप्रमाणे हातानं ओढा म्हणावं. व्यायामही होईल.

बावीस वर्षांपूर्वी माझ्या वास्तुशांतीला संकर्षणराव घरून तांब्याभर पाणी घेऊन आले होते. माझ्या घरचा घोट त्यांनी घेतला नाही, आजवर घेतलेला नाही. मी त्याचा सूड उगवला असं तू पावनीला म्हणालीस. तसं नाही. मला ते लागलं होतं, हे मात्र खरं.

राग गेला की फोन कर.

वेणक्का


विजयनगर
१० एप्रिल

चि. सौ. तुंगा,

काल युगादी झाली. तुझ्याकडून बेव-बेल्ल आलं नाही असं हे पहिलंच वर्ष. मी एकटीनं कडुलिंब आणि गूळ चघळला. गूळ जरा जास्त घेतला.

पावनीचा फोन आला होता. पोरीचं मराठी दिवसेंदिवस आटत चाललंय, पण जे बोलली ते नीट कळलं. "दोड्डम्मा, अप्पा रोज चाळीस बिंदिगे ओढतात. एकटेच. संध्याकाळी हात वर होत नाही त्यांचा. बीपी आहे, शुगर आहे. तुम्ही काही तरी मॅनेज करा ना." हाताखालचे तिरुमलराव गावी गेलेत हे मला ठाऊक नव्हतं. ते असतील, दोघं मिळून ओढत असतील, असं मी धरून चालले होते. अडुसष्टाव्या वर्षी उपाशीपोटी चाळीस घागरी म्हणजे चेष्टा नाही. मागच्या पत्रात व्यायामाचं लिहिलं ते मागे घेते.

मी तुमच्या नावानं अर्ज केला आहे. धार्मिक कार्यासाठी रोज एक तास पंप चालवायची परवानगी मिळू शकते, तसं कलम आहे. ते मी आधीच वाचायला हवं होतं. पालिकेची ज्युनियर इंजिनियर शरण्या समजूतदार आहे. ती म्हणाली, "मॅडम, कुणीतरी जाऊन मोजून या. हातानं किती ओढतात, किती लागतं, वेळ घालून लिहा. मी सही करते." तर ते मोजायला मीच येते. सोमवारी सकाळी साडेसातला. तुझ्यासमोर उभी राहून तुझा स्वयंपाक बिघडवणार नाही. मागच्या फाटकानं येईन, विहिरीवर मोजीन, लिहीन आणि जाईन. आठवड्याभरात परवानगी तुझ्या हातात ठेवते.

तोवर त्यांना दमानं घ्यायला सांग. माझं नाव सांगू नकोस, नाहीतर मुद्दाम जास्त ओढतील.

वेणक्का


विजयनगर
१८ एप्रिल

तुंगा,

हात सवयीनं सौ. लिहायला गेला. खोडलं. त्या जागी जे लिहितात ते मी लिहिणार नाही. नुसतं तुंगा.

परवा तू मला आत बोलावलं नाहीस, बरोबर केलंस. मी पायरीवरच बसले होते. आत बायका बोलत होत्या ते ऐकू येत होतं. सील लागलं नसतं तर संकर्षणराव विहिरीवर गेलेच नसते, असं कोणीतरी म्हणालं.  

सोमवारी मला यायला जमलं नाही, तेवढं सांगायचं होतं. पहाटेपासून डोकं चढलं होतं, कपाळाला बाम चोळून पडून होते. रिक्षासुद्धा बोलावली नव्हती. साडेनऊला पावनीचा फोन आला तेव्हा मी घरीच होते. मी आले असते तर कदाचित, असं कोणी म्हणेल म्हणून लिहिते. मी आले नाही.

डॉक्टर म्हणाले हृदयच बंद पडलं, दोनतीन मिनिटांत सगळं संपलं असणार. त्यांना फार त्रास झाला नसेल. तसं आपण धरून चालू.

मी हुकूम केला नव्हता, पाऊस मी अडवला नव्हता, सही मात्र माझी होती. ती मी नाकारत नाही. तू मला हवं ते बोल. शिव्या दे. पण बोल.

वेणी


विजयनगर
६ मे

तुंगा,

तीन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. मी लिहीत राहणार. मला दुसरं काही येत नाही.

परवानगी आली ते तुला कळलंच असेल. शरण्यानं मोजणीच्या रिपोर्टची वाट न बघता सही केली. तेराव्याला, वैकुंठ समाराधनेच्या स्वयंपाकासाठी, तुमचं सील निघालं. मी मागच्या गल्लीत उभी होते. पंप सुरू झाला तेव्हा सुमा बाहेर आली, तिनं माझ्या हाताला धरून तिच्या कट्ट्यावर बसवलं. "अम्मा, नीवु कुळितुकोळ्ळी," म्हणाली, बसा म्हणून. तिच्या घरात दोन घागरी पाणी होतं, त्यातलं तिनं मला फुलपात्र भरून दिलं. 

बिल्ला मी परत केला. शरण्या विचारत होती की त्या सोमवारचा रिपोर्ट कुठे आहे. गेलेच नाही म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. काल पावनी रडत होती. "दोड्डम्मा, अम्मा दिवसाला एकच पंचपात्रभर पाणी पिते. उन्हाळा किती आहे इथे. विचारलं की म्हणते, शेवटी त्यांना घोटभर नीर मिळालं नाही, मग मला कशाला. पाय सुजलेत तिचे. डॉक्टर म्हणतात किडनी बघायला हवी. माझं ऐकतच नाही, सुम्ने, गप्प बसलेली असते." मी तिला विचारलं, असं का करते आहे तुझी आई? तर म्हणाली, अप्पांनी हाक मारली होती. अम्मा म्हणाली, आले, पेज उतरवून येते. आणि दहा मिनिटं उशीर झाला.

तुंगा, हा काय वेडेपणा लावलायस? पंचपात्रीनं माणूस जगतो का? संध्येला बसताना आचमनाला घेतात तेवढं पाणी ते. हंडाभर पेज चुलीवरून उतरवायला दहा मिनिटं लागतातच. तुझा काहीही दोष नाही. मला माहीत आहे. मला कसं माहीत ते विचारू नकोस, पण माहीत आहे.

हे पत्र पोचलं की दोन तांबे पाणी पी. मोठी बहीण म्हणून सांगते.

वेणी


विजयनगर
१२ जून

तुंगा,

तुझं पत्र आलं. तीन महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं. पहिल्या ओळीत "प्रिय वेणक्का" वाचलं आणि मी पत्र मांडीवर ठेवून बराच वेळ रडले. शेजारची मधुमिता धावत आली, काही वाईट बातमी आहे का म्हणून. म्हटलं, नाही ग, माझ्या बहिणीचं पत्र आहे.

तू लिहिलंस, "चूक तुझी नाही. तू कायद्याप्रमाणे वागलीस, परवानगीसाठीही तूच धावलीस. चूक माझी. ते माझ्या दारात, भरलेल्या घागरींच्या मध्ये, घोटभर पाण्याविना एकटे गेले. मी आत पेज उतरवत होते. आता घरात एकटी राहवत नाही. तू ये. शनिवारी टेम्पो पाठवते, सामान घेऊन कायमची ये. आपण दोघी राहू."

गेल्या तीन महिन्यांत मी देवाकडे एवढंच मागत होते. तू बोलवावंस, आणि मी यावं. हे पत्र मी चार दिवस उशाशी ठेवलं. एक बॅग भरलीसुद्धा. मग काल पावनीचा फोन आला की तुझी तपासणी झाली, आकडे वाईट आहेत, आणि तू अजूनही पंचपात्रीवरच आहेस. पालिकेनं हुकूम मागे घेतला, वर कोडगूत पाऊस झाला, नळाला एक दिवसाआड पाणी येतं, आणि तू घरात बसून तहानेनं मरते आहेस. ज्या दहा मिनिटांसाठी तू हे करते आहेस ती तुझी नव्हतीच.

मी त्या सोमवारी आले होते.

डोकं दुखत होतं ते खोटं. रिक्षा केली होती. सात पस्तीसला मागच्या फाटकातून आत आले. संकर्षणराव रहाटावर होते, ओलं धोतर, कपाळावर गंध. मी कट्ट्याच्या कडेला उभी राहिले, वही काढली.  ते ओढत होते आणि मी मोजत होते. सोळाव्या घागरीला त्यांनी दोर हातात धरून श्वास घेतला. विसाव्याला पुन्हा. मी वहीत लिहिलं, "दर चार घागरींना विश्रांती." परवानगीसाठी हे उपयोगी पडेल म्हणून मनात खूष झाले.

सव्विसावी घागर कडेला ठेवून ते खाली बसले. "वेणक्का, थोडं बसतो," म्हणाले. मग तुला हाक मारली. तुझं उत्तर मी ऐकलं, "आले, पेज उतरवून येते." तू खरंच तेवढंच म्हणालीस, तुझी आठवण बरोबर आहे.

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. घाम गळत होता, आणि अंगावर विहिरीचं पाणी असूनसुद्धा तो घाम वेगळा दिसत होता. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं मला लिहिता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "नीरु."

समोर घागरी भरल्या होत्या. पण ते श्राद्धाचं पाणी, पितरांचं आणि ब्राह्मणांचं होण्याआधी ते त्यातलं तोंडाला लावणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून त्यांनी माझ्याकडे मागितलं. माझ्या पिशवीत बाटली होती, आमच्या नळाची. मी ती काढली, झाकण उघडलं. आणि तुंगा, मी हसले. मी म्हटलं, "विजयनगरच्या नळाचं आहे हो. चालेल का?"

बावीस वर्षं पोटात ठेवलेलं त्या एका वाक्यात बाहेर पडलं. मला बरं वाटलं. क्षणभर खरंच बरं वाटलं, हेही लिहिते, कारण अर्धवट सांगायचं असतं तर मेमध्येच सांगितलं असतं.

त्यांनी हात मागे घेतला. "बेडा, नको," म्हणाले. "असू दे. तुंगा येईल." मी झाकण लावलं.

मग त्यांची मान एका बाजूला झाली. मला वाटलं खांद्याला धरावं. मी पुढे झाले, हात उचलला. आणि मनात काय आलं सांगू? शिवलं तर पुन्हा अंघोळ आणि सव्वीसच्या सव्वीस घागरी ओतून द्याव्या लागतील. एवढं पाणी वाया. एवढं ओढणं वाया. आयुष्यभर तुमच्या मडीची टिंगल केली, शाळेत पोरांना सांगितलं की पाणी शिवल्यानं बाटत नाही, आणि त्या वेळी मी मडी पाळली. मी हात खाली घेतला. त्यांना चीड आली असेल, डोळे मिटून बसलेत, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या बोलण्याची लाजही वाटत होती. तू बाहेर येशील आणि मला बघशील याची भीती वाटत होती. मी वही मिटली आणि आले तशी मागच्या फाटकातून निघून गेले.

तुला बोलावलं नाही. आरडाओरडा केला नाही. सुमाचं दार चार पावलांवर होतं, तिथेही नाही. रिक्षात बसले आणि घरी येऊन वहीतला रिपोर्ट नीटनेटका उतरवून काढला. साडेनऊला फोन येईपर्यंत मी तेच करत होते.

म्हणजे ते एकटे नव्हते. आणि पाणी नव्हतं असंही नाही. पाणी होतं, माणूस होतं, दोन हातांवर होतं. तू हंडा उतरवत होतीस कारण बाहेर काही झालंय हे तुला कळायला वाव नव्हता. मला कळलं होतं.

तू म्हणशील, माझं मन हलकं करायला वेणक्का हे रचते आहे. म्हणून वहीचं ते पान सोबत जोडलंय. तारीख बघ, वेळ बघ, माझं अक्षर तू ओळखतेस. शेवटची ओळ "२६, अर्जदार बसले" अशी आहे. त्यापुढे पान कोरं आहे. हे पान दुसरं कोणी पाहिलेलं नाही. तुला ते पालिकेत द्यायचं असेल तर दे, पावनीला दाखवायचं असेल तर दाखव. मी नाही म्हणणार नाही.

शनिवारी टेम्पो पाठवू नकोस. बॅग मी पुन्हा रिकामी केली आहे. तुझ्या घरात, त्या विहिरीच्या बाजूला मी झोपू शकणार नाही, आणि हे सगळं वाचल्यावर तूही मला झोपू देणार नाहीस. तुला बहीण राहिली नाही असं समज. मला त्याचं वाईट वाटेल, फार वाटेल, पण ते माझं मी बघीन.

फक्त एक कर. त्यांच्यासाठी शिक्षा भोगायची तर ती माझ्या वाट्याची आहे, तुझ्या नाही. पत्र इथेच खाली ठेव, उठ, आणि आधी पोटभर पाणी पी.

वेणी